आरसी.कॉन्फमध्ये 'नो' लिहूनही सेंडमेल सुरू का होतो?

तुम्ही फ्रीबीएसडी 13 या ऑपरेटिंग सिस्टीमवर सेंडमेल या मेल सर्व्हरऐवजी पोस्टफिक्स हा दुसरा मेल सर्व्हर बसवलाय, सेंडमेल_एनेबलला 'नो' दिलंय, तरी रीबूटनंतर पीएसमध्ये (चालू प्रोसेसच्या यादीत) सेंडमेलच्या दोन प्रोसेस दिसतात, असं तुम्ही लिहिलंय. तुमची आरसी.कॉन्फ, म्हणजे सुरू होताना काय चालवायचं ते सांगणारी फाइल, बरोबर वाचली जातेय. घोळ त्या 'नो'च्या अर्थात आहे, आणि मीही त्यात पूर्ण एक दिवस घालवलाय.

हे 'नो' फक्त बाहेरून येणाऱ्या मेलपुरतं असतं. क्रॉनचे (ठरल्या वेळी कामं चालवणाऱ्या प्रोग्रामचे) रिपोर्ट वगैरे मशीनवरचे मेल अडकू नयेत म्हणून सिस्टीम लोकलहोस्टच्या, म्हणजे त्याच मशीनच्या, 25 नंबर पोर्टवर (मेलच्या पोर्टवर) ऐकणारा एक सेंडमेल तरीही उभा करते. दुसरी प्रोसेस दर अर्ध्या तासाने क्लायंटएमक्यू ही मशीनवरून पाठवायच्या मेलची रांग उपसते. पीएसमध्ये तिच्यासमोर 'क्यू रनर' लिहिलेलं दिसेल. म्हणून चारही ओळी हव्यात: सेंडमेल_एनेबल, सेंडमेल_सबमिट_एनेबल, सेंडमेल_आउटबाउंड_एनेबल आणि सेंडमेल_एमएसपी_क्यू_एनेबल. चारही 'नो', पोस्टफिक्स_एनेबल 'येस'. एकाच ओळीत 'नन' लिहून काम उरकायची जुनी पद्धत आहे, पण सहा महिन्यांनी फाइल उघडणाऱ्याला चार ओळींतून काय बंद आहे ते लगेच कळतं, म्हणून मी त्याच लिहितो.

इथे थांबू नका. मी थांबलो होतो. पोस्टफिक्स छान चालला, बाहेरचे मेल आले, पण क्रॉनचे रिपोर्ट गायब. बऱ्याच उशिरा व्हार-स्पूलमधली क्लायंटएमक्यू उघडली, तर सगळे तिथे पडून होते. रांग उपसणारा मीच बंद केला होता आणि मेल मात्र अजून जुन्याच सेंडमेलकडे जात होते. 'सेंडमेल' ही कमांड खरं तर मेलरॅपर असते, म्हणजे मेल दुसऱ्या प्रोग्रामकडे सोपवणारी. कुठला प्रोग्राम चालवायचा हे ती मेलर.कॉन्फमध्ये बघते. पोस्टफिक्ससोबत आलेली मेलर.कॉन्फ यूएसआर-लोकल-ईटीसीखालच्या मेल डिरेक्टरीत ठेवा, तिला ईटीसीमधल्या फाइलच्या आधी मान मिळतो.

पीरिऑडिक.कॉन्फमधली (सिस्टीमच्या ठरावीक कामांच्या फाइलमधली) सेंडमेलची रोजची कामंही बंद करा, नाहीतर रात्रीच्या रिपोर्टमध्ये उगाच चुका येत राहतील.

मग खरोखर रीबूट करा. सुरुवातीच्या कॉन्फिगरेशनची परीक्षा हाताने सर्व्हिस चालवून होत नाही. उठल्यावर सॉकस्टॅट या कमांडने 25 नंबर पोर्टवर कोण ऐकतंय ते बघा: पोस्टफिक्सचा 'मास्टर' हवा, सेंडमेल नको. मग रूटला (मुख्य अ‍ॅडमिन खात्याला) एक मेल पाठवा आणि मेललॉगमध्ये (मेलच्या नोंदींच्या फाइलमध्ये) तो पोस्टफिक्सच्या नावावर आलाय का ते तपासा.