गोव्यात घरी बाइक धुतली की काळ्या टाकीवर पांढरे ठिपके राहतात. डाग न पडता बाइक कशी धुवावी आणि सुकवावी?

तुम्ही लिहिलंय की पर्वरीला सोसायटीत राहता, टाकी काळी आहे, शाम्पू चांगल्यातला वापरता आणि तरी बाइक वाळली की ठिपके उठून दिसतात. म्हणून शाम्पू बदलायचा विचार आहे. शाम्पू बदलू नका, त्याचा यात काही दोष नाही. डाग पडतो तो शेवटी ओतलेल्या पाण्याचा. त्यात जे विरघळलेलं असतं ते पाण्याबरोबर उडून जात नाही, थेंब जिथे वाळला तिथेच बसतं. तेव्हा शेवटचं पाणी कसलं होतं आणि ते आपोआप वाळलं की तुम्ही काढलंत, एवढ्या दोन गोष्टींकडे बघा.

थोडा हिशेब करू. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात विरघळलेल्या घटकांची स्वीकारार्ह मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम आहे आणि दुसरा स्रोतच नसेल तिथे २००० पर्यंत चालवून घेतात. धुतलेल्या बाइकवर कानाकोपऱ्यांत मिळून ५० मिलिलिटर पाणी राहिलं असं धरा. ५०० चं पाणी असेल तर २५ मिलिग्रॅम पांढरी पूड बाइकवर राहणार. आकडा किरकोळ वाटतो, पण काळ्या टाकीवर, उन्हात, तिरकं बघितलं की त्याचीच रांगोळी दिसते. तेच पाणी ५० चं असेल तर पूड दहापट कमी.

आता तुमचे डाग कसले आहेत ते आधी ओळखा, कारण गोव्यात दोन वेगळ्या जातीचे डाग एकाच टाकीवर सापडतात. बोट ओलं करून डागावर हलकं फिरवा. लगेच विरघळून गेला तर तो मिठाचा. ओला असताना दिसेनासा झाला आणि वाळल्यावर पुन्हा तिथेच हजर झाला तर तो चुन्याचा, म्हणजे कॅल्शियम-मॅग्नेशियमच्या क्षारांचा. जड पाणी, म्हणजे हे क्षार जास्त असलेलं पाणी, तापतं तेव्हा त्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि कॅल्शियम कार्बोनेट खाली बसतं. ते साध्या पाण्यात परत जवळजवळ विरघळत नाही. गरम सायलेन्सरवर किंवा उन्हात तापलेल्या टाकीवर पाणी पडलं की डाग भाजल्यासारखा पक्का होतो तो यामुळेच. तिसरा प्रकार तांबूस कडेचा. तो पाण्याचा डाग नव्हेच, नीट न निघालेली लाल माती असते. डिचोली, साखळी, सांगे या बाजूला राहणाऱ्यांना हे सांगायला नको.

मिठाचा डाग तुम्ही धुतल्यामुळेच पडलेला असतो असंही नाही. कांदोळी, मोरजी, मांद्रे, बेतूल अशा ठिकाणी किनाऱ्यालगत गाडी नुसती उभी राहिली तरी खारा वारा तिच्यावर मीठ आणून ठेवतो. हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून स्वतःच ओलं होतं, आणि आपल्याकडे रात्री तेवढी आर्द्रता बहुतेक वेळा असते. म्हणून सकाळी टाकीला हात लावला की चिकट लागतं आणि दुपारी तिथेच पांढुरकं दिसतं. कोरड्या फडक्याने पुसलं की ते नुसतं पसरतं. यावर व्हिनेगर वगैरे काही नको, भरपूर साधं पाणी पुरे. फक्त ते वरच्यावर करा, कारण मीठ टाकीपेक्षा चेन, स्पोक आणि नटबोल्टांचं जास्त वाटोळं करतं. (किनाऱ्यावर गाडी घालायला गोव्यात बंदी आहे हे माहीत असूनही जे वाळूत जातात, त्यांच्या बाइकच्या खालच्या अंगाबद्दल मी इथे बोलत नाही.)

पाण्याचं म्हणाल तर गोवा या बाबतीत तसा नशीबवान. ओपा, अस्नोडा, साळावली इथून येणारं नळाचं पाणी नदी-धरणाचं आहे आणि आपल्या जांभ्याच्या मुलखातलं असं पाणी सहसा फार जड नसतं. जांभ्यातल्या चांगल्या विहिरीचंही तेच. घोटाळा होतो तो बोअरवेल, टँकर आणि किनाऱ्याजवळच्या विहिरींनी. मे महिन्यात विहिरीची पातळी खाली गेली की खाडीजवळच्या विहिरी मचूळ होतात. तुमच्या सोसायटीच्या टाकीत नळ, बोअर आणि टँकर अशी मिसळ असेल तर एका रविवारी डाग पडतात आणि दुसऱ्या रविवारी पडत नाहीत याचा उलगडा तिथेच होतो.

पाण्यातले विरघळलेले घटक मोजायचा मीटर नसेल तर घरच्या घरी तपासा. काळ्या काचेवर किंवा मोबाइलच्या जुन्या स्क्रीनवर सोसायटीच्या नळाचा एक थेंब, आरओचा एक आणि एसीच्या नळीतून पडणाऱ्या पाण्याचा एक असे शेजारी शेजारी ठेवा आणि पंख्याखाली वाळू द्या. बघितलंत की पुढचं मी सांगायची गरजच उरणार नाही. एसीचं पाणी हवेतल्या बाष्पाचं असतं, म्हणजे जवळजवळ डिस्टिल्ड. आपल्या दमट हवेत रात्रभरात बादलीचा बराचसा भाग भरतो आणि लोक ते गॅलरीतून खाली सोडून देतात. बादली लावा. बरेच दिवस बंद असलेला एसी चालू केला की पहिलं पाणी धुळीचं येतं, ते टाका. नंतरचं फडक्यातून गाळून ठेवा. हे पाणी पिऊ नका आणि बॅटरीतही घालू नका, बाइकवर ओतायला मात्र उत्तम. एसी नसेल तर आरओचं शुद्ध पाणी किंवा बॅटरीसाठी मिळतं ते डिस्टिल्ड वॉटर चालेल. आरओचं बाहेर टाकायचं पाणी मात्र नको. पाणी वाचवायचं म्हणून अनेक जण त्यानेच गाडी धुतात, पण नळाच्या पाण्यातले जवळजवळ सगळे क्षार त्यात गोळा झालेले असतात.

धुणं थोडक्यात सांगतो. सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर, सावलीत, इंजिन हाताला थंड लागेल तेव्हाच सुरू करा. सावली आंब्याची असेल तर मोहोराच्या दिवसांत टाळा, तुडतुड्यांचा चिकटा वरून पडत असतो. माडाखाली का नको ते गोंयकाराला सांगायला नको. सायलेन्सरचं तोंड आणि चावीचं भोक झाका. आधी नुसत्या पाण्याने माती पूर्ण जाऊ द्या, हात लावू नका. खनिजाची धूळ टाकीवरच्या लॅकरपेक्षा, म्हणजे रंगावरच्या पारदर्शक थरापेक्षा, कठीण असते. ती असताना स्पंज फिरवला की बारीक ओरखडे पडतात आणि उन्हात लोक त्यांनाच पाण्याचे डाग समजतात. मग शाम्पू, वरून खाली, एका वेळी एकच भाग. टाकीला लावला की टाकी धुऊन काढा, मग पुढे. फेस अंगावर वाळता कामा नये. कपड्यांची पावडर नको. चाकं, चेन आणि इंजिनच्या खालच्या भागाला वेगळा फडका. प्रेशरची नळी असेल तर बेअरिंग, चेनचे सील आणि स्विच यांच्यावर जवळून रोखू नका.

शेवटच्या पाण्याला मात्र वेळ द्या. पाइपचं नोझल काढा आणि पाणी कमी जोराने टाकीच्या सर्वांत उंच भागावरून सलग वाहू द्या. फवाऱ्याने हजार थेंब बसतात. सलग धार मात्र जाताना आधीचे थेंबही ओढून नेते, आणि पुसायला निम्मंच उरतं. त्यानंतर लगेच, आधीचं पाणी वाळायच्या आत, एसीचं दोन-तीन लिटर पाणी झारीने किंवा हातपंपाच्या स्प्रेने आरसे, टाकी, साइड पॅनेल आणि मडगार्ड यांवरून सोडा. इंजिनवर वाया घालवू नका. घरी कुळागर (सुपारीची बाग) असेल तर सुपारीवर बोर्डो मिश्रण मारलेला पंप कृपा करून वापरू नका. ते मिश्रण मोरचूद आणि चुन्याचंच असतं, नेमका जो चुना आपण टाळतोय तोच.

सुकवताना सगळ्यांची पहिली धाव टाकीकडे जाते. टाकी चकचकीत पुसली, चहा प्यायला गेलात आणि परत आलात की पेट्रोलच्या झाकणाच्या कडेतून एक ओघळ उतरलेला असतो. म्हणून आधी लपलेलं पाणी बाहेर काढा. हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवा, पुढचा शॉकअब्सॉर्बर दोन-चारदा दाबा, मेन स्टँड असेल तर त्यावरून काढून साइड स्टँडवर घ्या म्हणजे कोन बदलतो. मग ब्लोअर. हार्डवेअरच्या दुकानात संगणकाची धूळ उडवायला मिळतो तो साधा विजेचा ब्लोअर पुरतो. पेट्रोलचं झाकण, टाकीवरच्या बिल्ल्याच्या कडा, हेडलाइटची रिंग, आरशांचे सांधे, स्विच, सीटखालची फट, इंजिनचे पंख, स्पोक जिथे रिमला मिळतात ती जागा, या क्रमाने. ब्लोअर नसेल तर पंक्चरवाल्याकडची हवा चालते, पण बेअरिंगवर मारू नका.

त्यानंतर फडका. जाडसर मायक्रोफायबर, घडी करून ठेवा आणि कडेला धरून आपल्याकडे ओढा, घासू नका. जिथे वाकडं तिकडं आहे तिथे नुसता टेकवून पाणी टिपा. फडका जड झाला की दुसरा घ्या. दोन चांगले फडके एका महागड्या पॉलिशपेक्षा जास्त उपयोगी आहेत. ते धुताना कपडे मऊ करणारं द्रव्य घालू नका, पाणी ओढणं बंद होतं. जुनी बनियन इंजिन आणि रिमसाठी ठेवा. सगळं झालं की डांबरी रस्त्यावर पाच-दहा मिनिटं फिरवून आणा, हळू जाऊन दोन्ही ब्रेक दाबत राहा म्हणजे डिस्क आणि पॅड सुकतील. आल्यावर पुन्हा एकदा कडा बघा, एखाद-दुसरा ओघळ हमखास सापडतो. चेनला तेल यानंतर.

एक गैरसमज वॅक्सबद्दलचा. वॅक्स केलेल्या टाकीवर पाणी मोत्यांसारखं गोळा होतं ते बघायला छान, पण तसंच सोडलं तर प्रत्येक मोती आपल्यातला सगळा क्षार एका ठिपक्यात ठेवून जातो. वॅक्समुळे डाग सुटायला सोपा होतो आणि पुसणं झपाट्याने होतं, म्हणून जरूर करा. पण वॅक्स केलं म्हणजे पुसायला नको, हा समज चुकीचा आहे.

आधीच बसलेल्या चुन्याच्या डागांना साधं पांढरं व्हिनेगर आणि तेवढंच एसीचं पाणी एकत्र करा. थंड टाकीवर, सावलीत, ओला फडका मिनिटभर डागावर ठेवा, हलकेच पुसा आणि भरपूर पाण्याने धुवा. नंतर वॅक्सचा हात द्या, कारण तिथलं वॅक्सही बरंचसं गेलेलं असतं. माडाच्या सुरेचं व्हिनेगर यासाठी वापरू नका. त्यात रंग आणि इतर अंश असतात, शिवाय ते स्वयंपाकघरात जास्त शोभतं. उघड्या ॲल्युमिनियमवर आणि चेनवर व्हिनेगर नको. दोनदा करूनही डाग राहिला तर क्षाराने लॅकर खाल्लं आहे. मग पॉलिशिंग कंपाउंडशिवाय इलाज नाही, आणि ते पहिल्यांदा तरी जाणत्या माणसाकडून करून घ्या. मॅट रंगाच्या टाकीवर तोही मार्ग बंद, घासली की तेवढाच भाग चकाकायला लागतो. मॅट बाइक घेणाऱ्याने एसीखाली बादली आजच ठेवावी.

पावसाळ्यात पांढऱ्या डागांची चिंता जवळजवळ संपते, पावसाचं पाणी मऊच असतं. चिखल पाइपने काढा आणि गाडी सरळ पावसात उभी करा, शेवटचं पाणी फुकट. फक्त कौलांच्या पागोळ्यांखाली नको, तिथून शेवाळ आणि माती येते. मात्र ओल्या बाइकवर कव्हर घालून ठेवू नका. आपल्या हवेत आतलं पाणी कित्येक दिवस वाळत नाही, डाग नाही पडला तरी गंज चढतो.

वॉशिंग सेंटरला द्यायची असेल तर दोन गोष्टी आधी सांगून ठेवा: खालून डिझेल मारू नका आणि टायर-डिस्कजवळ चकाकीचा स्प्रे नको. पाणी कुठलं आहे तेही विचारा. बोअरचं असेल तर एसीच्या पाण्याची बाटली आणि आपला फडका घेऊन जा, आणि त्यांनी पाइप बंद केला की गाडी ताब्यात घ्या. ते लोक थोडे बघत राहतात, राहू द्या.

हेल्मेटच्या काचेलाही हेच एसीचं पाणी वापरा. व्हिनेगर तिथे नको, काचेवर धुकं न धरणारा थर असेल तर तो बिघडू शकतो.