खून आहे म्हणून 'हिचकॉकियन' म्हणू नका

खून, पोलीस, शेवटी जोरदार धक्का. अशा सिनेमाला 'हिचकॉकियन', म्हणजे दिग्दर्शक आल्फ्रेड हिचकॉकच्या वळणाचा, म्हणावं का, हा तुमचा प्रश्न. बहुतेक वेळा नाही.

हिचकॉकने फ्रेंच दिग्दर्शक त्रुफोला मुलाखतीत सांगितलेलं बॉम्बचं उदाहरण घ्या. टेबलाखाली बॉम्ब आहे. प्रेक्षकाला पत्ताच नसेल, तर स्फोटाचा धक्का फार तर १५ सेकंदांचा. त्याला ठाऊक असेल आणि टेबलाभोवतीची मंडळी मात्र निवांत गप्पा हाणत असतील, तर १५ मिनिटं जीव टांगणीला. त्यामुळे शेवटपर्यंत खुनी दडवून ठेवणारा सिनेमा हिचकॉकपासून उलट लांबच पडतो. आपल्याला कळलंय, पात्राला नाही, ही गोम हवी.

दिग्दर्शक डेव्हिड लिंचवरून आलेल्या 'लिंचियन'ची तर लोकांनी पार रया घालवली आहे. सिनेमा डोक्यावरून गेला की दे ठोकून 'लिंचियन'! लिंचच्या 'ब्लू वेल्व्हेट'ची (१९८६) सुरुवात पुन्हा बघा. पांढरं कुंपण, लाल गुलाब, हिरवळीला पाणी घालणारा गृहस्थ. तो अचानक कोसळतो, कॅमेरा गवतात शिरतो आणि खाली वळवळणारे काळे किडे दिसतात. इथे न कळण्यासारखं काय आहे? रोजचं, नीटनेटकं आणि त्याला चिकटूनच असलेलं किळसवाणं, ही जोडी म्हणजे लिंच. नुसतं दुर्बोध असेल तर दुर्बोधच म्हणा.

दिग्दर्शक फ्रँक काप्रावर तर अन्यायच झालाय. 'काप्राएस्क' म्हणजे गोडगोड, असा समज. त्याच्या 'इट्स अ वंडरफुल लाइफ'चा (१९४६) नायक नाताळच्या आदल्या रात्री जीव द्यायला पुलावर उभा असतो, हे कुणाच्या लक्षातच नसतं.

आता दिग्दर्शकाच्या नावाला शेपूट 'इयन'चं लावायचं की 'एस्क'चं? पक्का नियम नाही, बरंचसं जिभेवर सोपवलेलं. 'फेलिनीएस्क' आणि 'टॅरँटिनोएस्क' सहज बोलले जातात, 'हिचकॉकएस्क' म्हणताना जीभ अडखळते. ऑक्सफर्डच्या इंग्रजी कोशाने २०१८मध्ये 'लिंचियन', 'कुब्रिकियन', 'टॅरँटिनोएस्क' एकदमच आत घेतले, तेव्हा शब्द खरा की खोटा हा वाद मिटला आहे.

मराठीत लिहिताना मी 'हिचकॉकच्या वळणाचा' म्हणतो. 'हिचकॉकीय' सरकारी परिपत्रकातला वाटतो. 'हिचकॉकछाप' मात्र जपून वापरा. 'छाप' लागला की कौतुक संपतं आणि नकलेचा वास येतो. अर्थात कधी कधी नेमकं तेच म्हणायचं असतं.