मागचा टायर १००/९०-१७ ऐवजी १२०/८०-१७ टाकला, तर स्पीडोमीटर चुकेल का?

मीटरला वेग पुढच्या चाकावरून मिळत असेल तर काहीच फरक पडणार नाही. गिअरबॉक्स किंवा मागच्या चाकाच्या सेन्सरवरून मिळत असेल तर मीटर साधारण २ टक्के कमी दाखवेल. मीटर मुळात चाकाचे फेरे मोजतो आणि टायरचा कंपनीने धरलेला घेर गृहीत धरतो. म्हणून रुंदी नाही, बाहेरचा व्यास बघायचा: रिमचे इंच (शेवटचा आकडा) गुणिले २५.४, अधिक रुंदीच्या (पहिला आकडा, मिमीमध्ये) मधल्या आकड्याइतक्या टक्क्यांची दुप्पट.

१००/९०-१७ : ४३१.८ + १८० = ६११.८ मिमी
१२०/८०-१७ : ४३१.८ + १९२ = ६२३.८ मिमी

म्हणजे काटा ६० वर असताना गाडी खरी ६१ च्या थोडी वर. किलोमीटरही तेवढेच कमी मोजले जातील, त्यामुळे ॲव्हरेज काढताना ते उगाच कमी दिसेल. पुढच्या हबमधून (चाकाच्या मधल्या भागातून) केबल वर मीटरकडे जात असेल तर मागच्या टायरचा संबंधच नाही. एबीएसच्या (ब्रेक दाबल्यावर चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) गाडीत मात्र सेन्सर कुठला वापरलाय ते सर्व्हिस मॅन्युअलमध्ये बघाच.

एक लक्षात घ्या: बहुतेक मीटर कंपनीतूनच खऱ्या वेगापेक्षा थोडे जास्त दाखवतात, त्यामुळे हे २ टक्के बहुधा त्यातच जिरतील. खात्रीसाठी सरळ, मोकळ्या रस्त्यावर काटा ५० वर स्थिर ठेवा आणि मागे बसलेल्याला मोबाइलच्या जीपीएसवर वेग वाचायला सांगा. खरी काळजी रिमची रुंदी आणि चेनपासूनच्या अंतराची आहे. रुंद टायर चेनकव्हरला घासला तर कडेचं रबर सोलून निघतं.