1946 चं, शेपटीला चाक असलेलं जुनं विमान विकत घेण्यात नेमकी काय मजा आहे?

तुम्ही प्रश्नाच्या खाली लिहिलंय की तुम्ही सोलापूरचे आहात, तुमच्या चुलतभावानं अमेरिकेत तीस-पस्तीस हजार डॉलर घालून पाऊणशे वर्षं जुनं दोन सीटचं विमान घेतलंय, आणि घरातले सगळे विचारतायत की एवढ्या पैशात नवीन विमान तासावर भाड्यानं घेऊन हवं तेवढं उडवता आलं असतं, मग हे कशाला. मी पण सोलापूरचाच, साखर पेठेतला. नोकरीमुळं बरीच वर्षं ओहायोत काढली आणि तिथं एका मित्राबरोबर निम्म्या हिश्श्यात एरोन्का चॅम्प घेतलं, 1946 चं. आता वर्षातले काही महिने इकडं, काही तिकडं, आणि विमान अजून आमच्याकडंच आहे. त्यामुळं तुमच्या भावाची बाजू मी मनापासून मांडणार.

उडण्याची मजा भाड्याच्या विमानात पण आहे, ते खोटं नाही. पण आपल्या जुन्या विमानाची मोठी मजा ही की ते अख्खं आपल्याला कळतं. चॅम्पमध्ये आहे काय? वेल्डिंग केलेल्या स्टीलच्या नळ्यांचा सांगाडा, पंखात स्प्रूस लाकडाचे स्पार म्हणजे मुख्य तुळया, वरून कापड, पुढं कॉन्टिनेन्टलचं चार सिलिंडरचं 65 हॉर्सपॉवरचं इंजिन आणि 13 गॅलनची टाकी. बॅटरी नाही, स्टार्टर नाही, अल्टरनेटर नाही. स्पार्क मॅग्नेटो तयार करतो, त्याला बाहेरून करंट लागत नाही. स्टिक म्हणजे हातातली दांडी हलवली की केबल कुठल्या पुलीवरून कुठं जाते आणि पंखाचा कुठला भाग हलतो हे सगळं डोळ्यांनी दिसतं. नवीन विमानात स्क्रीन बंद पडला तर तुम्ही मेकॅनिकला फोन करता, इथं एखादा आवाज वेगळा आला तर कुठं बघायचं हे दोन-तीन वर्षांत आपलं आपल्याला समजायला लागतं, आणि त्यातून जो विश्वास येतो ना तो पैसे देऊन भाड्यानं मिळत नाही.

आता कापडाचं सांगतो, कारण सोलापूरच्या माणसाला ते सांगितलंच पाहिजे. विमानाला कापड म्हटलं की लोक घाबरतात. त्या काळी ह्या विमानांना ग्रेड ए नावाचं मर्सराइज्ड सुती कापड लागायचं, इंचाला ऐंशीच्या आसपास धागे, आणि नव्या कापडाची ताकद एक इंच रुंदीच्या पट्टीला 80 पौंड. आता पॉलिस्टर वापरतात. ते सांगाड्यावर सैलच टाकतात, कडांना चिकटवतात आणि मग तापमान मोजून घेतलेल्या साध्या इस्त्रीनं तापवत जातात तसं ते आवळत जातं, हलगी शेकल्यावर आवळते ना तसंच, आणि शेवटी टिचकी मारली की तसाच टणटणीत आवाज. मग लांब सुई घेऊन पंखाच्या एका बाजूला एक माणूस आणि दुसऱ्या बाजूला दुसरा, मेण लावलेल्या दोऱ्यानं कापड पंखाच्या प्रत्येक फासळीला शिवायचं, ठरावीक अंतरावर ठरावीक गाठ. वर पट्ट्या, वर लेप, त्यात एक चंदेरी लेप ॲल्युमिनियमच्या पावडरीचा, कारण कापडाचा खरा शत्रू ऊन.

आमच्या पंखाचं कापड बदलायचं निघालं तेव्हा वडील तिकडं आलेले होते. त्यांचा जन्म गेला अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत चादरीच्या मागावर. इंग्रजी फारसं येत नाही, विमानाबद्दल काही ऐकून घ्यायची इच्छा पण नव्हती. हँगरमध्ये टेबलावर कापडाचा रोल बघितला आणि सरळ जाऊन काठ चिमटीत धरला, उजेडाकडं धरून बघितलं, नखानं धागे मोजले, उभ्याला ओढून बघितलं, आडव्याला ओढून बघितलं. म्हणाले, "वीण सारखी हाय, दोन्हीकडनं ताण घेतंय. चालंल." आणि मग सुईच्या दुसऱ्या बाजूला तेच बसले. काम बघायला आमचा मेकॅनिक होता, त्यानं त्यांचं शिवण तपासलं आणि एक गाठसुद्धा सोडवायला लागली नाही. माझ्या आयुष्यात मी वडलांबरोबर इतका वेळ एका कामावर कधी बसलो नव्हतो, आणि ह्या विमानानं मला दिलेल्या गोष्टीत ही सगळ्यात मोठी आहे असं मी मानतो.

इंजिन हातानं चालू करायचं, त्याची पण एक वेगळीच मजा. चाकाला अडण्या, शेपूट दोरीनं बांधलेली, आत ब्रेकवर पाय ठेवून एक जाणता माणूस. "स्विच ऑफ" म्हणायचं, पुढचा पंखा म्हणजे प्रोपेलर हातानं थोडा फिरवून सिलिंडरमध्ये पेट्रोल ओढून घ्यायचं, मग "कॉन्टॅक्ट", म्हणजे स्विच ऑन, आतला माणूस पण तेच म्हणतो, मग ब्लेड खाली ओढायची आणि त्याच झोक्यात मागं सरकायचं. घाई चालत नाही, गप्पा मारत करायचं काम नाही, आणि पंख्याला हात लावताना तो कधीही सुरू होऊ शकतो असंच धरून चालायचं. थंड इंजिन दुसऱ्या-तिसऱ्या ओढीला फट फट करत लागलं की अख्ख्या दिवसाचा मूड बनतो.

आणि शेपटीचं चाक. आजच्या बहुतेक ट्रेनिंगच्या विमानांना पुढं नाकाखाली चाक असतं, ती जमिनीवर आपोआप सरळ राहायला बघतात. आमच्यात वजनाचा मध्य मुख्य चाकांच्या मागं असतो, त्यामुळं विमान थोडं तिरकं झालं की मागचं वजन पुढं यायला बघतं आणि तुम्ही वेळेत रडर, म्हणजे शेपटीवरचं पायानं चालवायचं सुकाणू, मारला नाही तर विमान गर्रकन फिरतं, त्याला ग्राउंड लूप म्हणतात, पंख घासतो, चाकाचा पाय मोडतो. म्हणून अमेरिकेत ह्यासाठी पायलटच्या लॉगबुकात शिकवणाऱ्याची वेगळी एंडोर्समेंट म्हणजे सही-शेरा घ्यावा लागतो. पण ह्याचमुळं पाय जागे राहतात. उतरताना वारा कुठनं येतोय, किती येतोय हे तुम्हाला अंगात कळायला लागतं, स्टिक पोटाशी ओढत ओढत तिन्ही चाकं गवतावर एकदम टेकली की जे समाधान आहे ते मला दुसऱ्या कुठल्याच विमानात मिळालेलं नाही, आणि विमान पूर्ण थांबेपर्यंत लँडिंग संपलेलं नसतं ही सवय मग कुठलंही विमान उडवताना उपयोगी पडते.

वेगाची अपेक्षा ठेवू नका. ताशी 135 किलोमीटरच्या आसपास, म्हणजे इथनं पंढरपूर अर्धा तास, पुणे दोन तास, वारा समोरचा असला तर जास्तच. पण तासाला पेट्रोल 15-16 लिटर, आणि हे इंजिन मुळात 73 ऑक्टेनच्या, म्हणजे हलक्या प्रतीच्या पेट्रोलसाठी बनवलेलं. ऑइल बदलणं, प्लग साफ करणं, टायर बदलणं, कापडाला छोटं ठिगळ लावणं ही कामं तिकडच्या नियमात पायलट असलेला मालक स्वतः करू शकतो, वर्षातून एकदा अधिकृत मेकॅनिककडनं पूर्ण तपासणी मात्र सक्तीची. भाड्याच्या विमानाला तुम्ही हात लावू शकता का?

जुनं आहे म्हणजे दुर्मिळ आहे असं पण नाही. युद्धावरून परतलेले सगळे पायलट आता स्वतःचं विमान घेणार असं धरून 1946 या एका वर्षात अमेरिकेतल्या कारखान्यांनी तीस हजारांहून जास्त छोटी विमानं बनवली आणि पुढच्याच वर्षी बाजार बसला. एकट्या ह्या चॅम्पची सात हजारांहून जास्त झाली. म्हणून आज पण सुटे भाग मिळतात आणि माहितगार माणसं मिळतात.

आपल्याकडं पण हे घराणं होतं बरं का. एचएएल म्हणजे हिंदुस्थान एरोनॉटिक्सचं पुष्पक, 1958 ला पहिल्यांदा उडालं, दोन सीट, कापडाचं, शेपटीला चाक, ते चॅम्पच्याच भावंडावरून म्हणजे एरोन्का चीफवरून बेतलेलं. आपल्या फ्लाइंग क्लबांतनं कितीतरी पोरं त्यावर शिकली. जेआरडी टाटांनी 15 ऑक्टोबर 1932 ला कराचीहून मुंबईला टपाल आणलं ते पुस मॉथ विमान पण असंच मागं टेकून उभं राहणारं. आज भारतात असं विमान खाजगी मालकीत ठेवणं अवघड आहे, डीजीसीए ह्या विमान वाहतुकीच्या सरकारी खात्याची कागदपत्रं आहेत, एव्हगॅस म्हणजे विमानाचं पेट्रोल सगळ्या विमानतळांवर मिळत नाही, म्हणून होटगी रोडला आपलं चॅम्प उभं असावं ही माझी इच्छा सध्या तरी इच्छाच आहे.

भावाला एवढं विचारा: लाकडी स्पारच्या भेगा कधी तपासल्या, कापड कोणत्या साली बदललं, आणि 1946 पासूनची विमानाच्या देखभालीची लॉगबुकं सगळी आहेत का. पूर्ण कापड बदलायचा खर्च विमानाच्या निम्म्या किमतीपर्यंत सहज जातो, त्यामुळं ही उत्तरं नीट असतील तर त्यानं पैसे चांगल्या ठिकाणी घातलेत. आणि हँगर आहे का तेही विचारा, उघड्यावर ठेवलं असेल तर आधी त्याची सोय करायला सांगा.