हात वर करायला लावू नका

प्रश्न : नाशिकमधल्या सातपूरच्या एका शाळेत मी सातवीला शिकवते. वर्गात सुरगाणा-पेठकडची, मालेगावची, बिहारहून आलेल्या कामगारांची मुलं आहेत. त्यांची पार्श्वभूमी कळावी म्हणून दोन पानी फॉर्म दिला होता : वडिलांचं काम, उत्पन्न, जात, घरची भाषा, सणवार. निम्मे फॉर्म कोरे परत आले. मुलांना जाणून घ्यायचं तरी कसं?
– एक शिक्षिका

उत्तर : कोरा फॉर्म हेही उत्तरच आहे, बाई. उत्पन्नाचा खरा आकडा लोक तलाठ्याला सांगत नाहीत, तुम्हाला का सांगतील? आणि जात तर शाळेच्या जनरल रजिस्टरला नोंदलेली असतेच. शिष्यवृत्तीसाठी दाखला हवा असेल तर पालकांना बोलवा आणि टेबलाशी बसवून हळू आवाजात मागा. ‘एसटीवाले हात वर करा’ असं भर वर्गात ओरडणारे गुरुजी मी नोकरीभर ऐकले. शेजारच्या वर्गात माझेच कान तापायचे. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याचं 17 वं कलम छडीबरोबर मानसिक छळालाही मनाई करतं. छडी सगळ्यांना दिसते, हे मात्र कुणाच्या खिजगणतीत नसतं.

माझी बरीच नोकरी पेठ रोडच्या बाजूला झाली. भातकापणी उरकली की पेठ-सुरगाण्याची माणसं दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत कामाला उतरतात आणि पोरं आमच्या वर्गात. एका मुलीला पुस्तकातला भागाकार काही केल्या जमेना. मग मी फळ्यावर लिहिलं : टोळीने अडीच एकर बाग उक्ती घेतली, एकरी रक्कम ही, बायका नऊ, त्यातल्या दोघी अर्ध्यावर निघून गेल्या. प्रत्येकीच्या हातात किती? तिने वर बघून विचारलं, “बाई, उचल आधी कापायची का मागून?” उचल म्हणजे आगाऊ घेतलेली मजुरी. तिच्या घरचं सगळं त्या एका प्रश्नात आलं. पूर्ण वर्षात पहिल्यांदाच ती आपणहून बोलली होती, आणि वाटणी मागच्या बाकावरच्या चौघांना तिनेच समजावली. तुमच्या फॉर्ममध्ये यासाठी रकाना कुठला?

गप्प मुलांबद्दल. ‘आदिवासी मुलं बुजरीच असतात’ हा शेरा स्टाफरूममध्ये फुकट मिळतो, घेऊ नका. सुरगाण्याकडचं मूल बहुधा घरी कोकणी बोलतं. ही कोकणा समाजाची बोली, गोव्याच्या कोकणीशी तिची गल्लत करू नका. पुस्तकी मराठीत वाक्य जुळवायला त्याला थोडा वेळ लागतो, तोवर तुम्ही पुढच्या बाकाकडे वळलेल्या असता. थांबा जरा. उत्तर बोलीत आलं तरी घ्या. मार्गशीर्षात घरी डोंगऱ्यादेवाचं व्रत असेल तर ते मूल गावी जाणारच, गैरहजेरीवरून झापण्याआधी एवढं ठाऊक असू द्या. शहरात वसुबारस असते तेव्हा तिकडे वाघबारस असते. दिवाळीचा निबंध देताना हेही लक्षात ठेवा.

दृष्टिकोनाचं म्हणाल, तर काळाराम मंदिराचा सत्याग्रह शिकवून बघा. 2 मार्च 1930 ला तो आपल्याच पंचवटीत सुरू झाला, आणि तो लढवणारे दादासाहेब गायकवाड दिंडोरी तालुक्यातल्या आंबे गावचे. वर्गातल्या एकाच्या घरी काळाराम म्हणजे रामनवमीची गर्दी, दुसऱ्याच्या घरी बंद दरवाजा आणि पणजोबा. घरी काय सांगतात ते सगळ्यांनाच लिहून आणायला सांगा. मात्र एखाद्या बौद्ध मुलाला उभं करून ‘तुमच्यात काय म्हणतात?’ असं विचारू नका. बारा वर्षांच्या पोराने सगळ्या समाजाच्या वतीने का बोलावं?

प्रश्न : मुलीच्या बाई ‘घरी येऊन भेटते’ म्हणतात. आम्ही अंबडला एका खोलीत राहतो, मी रात्रपाळीला असतो. मुलीला लाज वाटते. नाही म्हणालो तर बाई रागावतील का?
– एक वडील

उत्तर : खुशाल नाही म्हणा. चांगल्या हेतूने येणाऱ्या शिक्षिकेलाही दुपारी बाराला घरी कुणी झोपलेलं असेल हे सुचत नाही. ‘संध्याकाळी ड्युटीवर जाण्याआधी शाळेच्या फाटकापाशी भेटतो’ असा निरोप द्या. मुलीला मध्ये घालू नका, चिठ्ठी तुम्हीच लिहा. हिंदीत लिहिलीत तरी चालेल.