वय १६, कोल्हापूर. गाडीच्या पुढच्या काचेचे टवके भरायचं काम शिकतोय. अनुभव आणि गिऱ्हाईक कुठून मिळवू?

तू लिहिलंयस की अकरावीत आहेस, ऑनलाइन किट मागवून शेजारच्या काकांच्या गाडीचा एक टवका भरलास, तो बरा जमला, पण आता दुसरं कुणी गाडीला हात लावू देत नाही. वर विचारलंयस, व्हिजिटिंग कार्ड छापू का? कार्डाचं शेवटी बघू. मी उद्यमनगरच्या बाजूला गाड्यांच्या काचा बसवतो. म्हणजे एखादा टवका नीट भरला गेला की माझी एक काच विकायची राहते, हे ध्यानात ठेवून पुढचं वाच.

लोक तुझ्या वयाला भीत नाहीत. मिसरूड न फुटलेली पोरं इंजिन उतरवताना कोल्हापुरानं भरपूर बघितलीत. भीती एवढीच असते की पोरानं जोर लावला, टवक्याचा तडा झाला, तर काच कोण देणार? भीती रास्त आहे. १८ वर्षं पूर्ण होईपर्यंत तू केलेला करार कायद्यात करार धरलाच जात नाही, १८७२ च्या करार कायद्यापासून हे असंच आहे. म्हणून पैशाचं बोलणं वडिलांनी किंवा काकांनी करावं. कामाआधीच गिऱ्हाइकाला सांगून टाकायचं की भरताना तडा वाढू शकतो, वाढला तर मजुरी घेणार नाही, पण काच भरून देणार नाही. तेच व्हॉट्सॲपवर पाठवून 'चालेल' असं उत्तर घ्यायचं आणि काचेचा आधीचा फोटो काढून ठेवायचा. एवढं केलं की निम्मी भांडणं व्हायची थांबतात.

दुसरं, गिऱ्हाइकाच्या गाडीची किल्ली हातात घ्यायची नाही. सावलीत लावायची असली तरी नाही. मोटार वाहन कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलानं रस्त्यावर गाडी चालवली तर पालक किंवा गाडीमालकाला २५,००० रुपये दंड आणि ३ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, आणि गाडीची नोंदणी वर्षभरासाठी रद्द होते. पाचशे रुपयांच्या कामासाठी वडिलांना त्यात पाडू नकोस.

आता अनुभव. तो गिऱ्हाइकाच्या गाडीवर घ्यायचाच नसतो. कुठल्याही काचवाल्याकडे जा, दुकानामागं उतरवलेल्या काचा भिंतीला टेकून उभ्या असतात. पुढची काच म्हणजे दोन काचा आणि मधे पीव्हीबी नावाच्या प्लॅस्टिकचा पारदर्शक थर. तो थर काचेला इतका घट्ट धरतो की भंगारवालाही ती घेताना नाक मुरडतो. मागितलीस तर बहुतेक जण फुकट देतील, वर उचलायला मदतही करतील. तडा एका बाजूला असला तरी बाकीची काच चांगली असते. ती जमिनीवर सपाट टाकून काम करू नकोस. लाकडी चौकट करून गाडीत असते तशी तिरकी उभी कर, कारण उतारावर रेझिन, म्हणजे टवक्यात भरायचा चिकट द्रव, खाली ओघळतं आणि ते सांभाळणं हाच अर्धा धडा आहे. सेंटर पंचानं, म्हणजे खूण पाडायच्या टोकदार हत्यारानं, हलका ठोका दिलास की गोल टवका पडेल, जरा वेगळ्या कोनातून दिलास की त्याला पाय फुटतील, म्हणजे ज्याला आपण स्टार म्हणतो तो. डोळ्यांना चष्मा आणि हातात हातमोजे घालूनच हे कर. कच्चं रेझिन अंगाला लागून लागून पुरळ येतं, म्हणून भरतानाही हातमोजे काढायचे नाहीत.

तुझ्या किटबद्दल स्पष्ट सांगतो. चार पायांचा प्लॅस्टिकचा सक्शन आणि सिरिंज असलेलं स्वस्त किट लहान गोल टवक्याला चालतं. स्टारच्या पायांच्या टोकापर्यंत रेझिन न्यायचं तर दाब टिकून राहावा लागतो, आणि तो त्या सिरिंजमधे टिकत नाही. दोन पैसे जमले की पहिल्यांदा धातूचा ब्रिज, म्हणजे काचेवर इंजेक्टर धरून ठेवणारी पट्टी, आणि रेझिन दाबानं आत ढकलणारा स्क्रूचा इंजेक्टर घे. रेझिन पक्कं करणारी यूव्ही टॉर्च त्यानंतर घेतलीस तरी चालेल.

भरताना घाई होते ती एकाच जागी, हवा काढताना. आधी व्हॅक्यूम, मग दाब, पुन्हा व्हॅक्यूम, पुन्हा दाब. गाडीच्या आतून छोटा आरसा धरून बघ. जिथं काळं दिसतं तिथं अजून हवा आहे. रेझिन पोचलं की काळं जातं आणि काच दिसायला लागते, कारण रेझिनमधून प्रकाश जवळजवळ काचेइतकाच वळतो. एखादा पाय भरायचा राहिला तर आतून अंगठ्यानं हळू दाब देऊन सोड, तडा किंचित उघडतो आणि रेझिन ओढून घेतो. सगळं काळं गेल्याशिवाय यूव्ही दिवा लावायचा नाही, कारण एकदा पक्कं झालेलं रेझिन परत निघत नाही. मग वरचा खड्डा घट्ट रेझिननं भरायचा, त्यावर फिल्मचा तुकडा ठेवून पक्कं करायचं, ब्लेड उभं धरून खरवडायचं आणि पॉलिश करायचं. फसवे व्हिडिओ इथंच जास्त वेळ घालवतात. ब्लेड फिरतंय ते कॅमेऱ्यात छान दिसतं, पण काचेची ताकद तोवर ठरून गेलेली असते.

जुन्या काचेवर भरलेलं काम एप्रिलच्या उन्हात तापव, वरून गार पाण्याचा तांब्या ओत आणि बघ पाय पळतात का. न पळणारी कामं ओळीनं व्हायला लागली की गाडीकडे जा.

उन्हाचं आलंच आहे तर तेही लिहितो. आपल्याकडे मार्चपासून दुपारी काच इतकी तापते की हात ठेववत नाही. तापलेल्या काचेला इंजेक्टरचा दाब दिला तर तडा डोळ्यांदेखत पळतो, आणि उघड्या उन्हात रेझिन आत पोचायच्या आधीच पक्कं व्हायला लागतं. सकाळी लवकर किंवा शेडमधेच काम घे. गाडी लांबून आली असेल तर काच निवू दे, पण एसी लावून नाही आणि पाणी मारून तर अजिबात नाही. पावसाळ्यात उलटं असतं. गगनबावडा, राधानगरीकडून आलेल्या गाडीच्या टवक्यात हमखास पाणी असतं, ते आधी हलक्या उष्णतेनं वाळवावं लागतं. पाण्यावर रेझिन भरलंस तर पांढुरका डाग कायमचा राहतो.

गिऱ्हाइकाचं. माझ्या मते या धंद्यात नाव होतं ते 'ही काच भरायची नाही' असं सांगता येण्यानं. बाजूच्या खिडकीची किंवा मागची काच घेऊन कुणी आला तर बहुतेक गाड्यांत ती टफन्ड असते, फुटली की तिचे दाणेच होतात, तिथं भरायला काही उरत नाही. काचेच्या कोपऱ्यात छापलेलं असतं, आयएस २५५३ च्या खुणेशेजारी लॅमिनेटेड (पुढच्या काचेसारखी मधे थर असलेली) की टफन्ड ते वाचायची सवय लाव. पुढच्या काचेतही तडा कडेला भिडला असेल, आतल्या बाजूच्या काचेलाही नख अडकत असेल किंवा मधला थर दुधी झाला असेल तर सरळ परत पाठव. चालकाच्या डोळ्यांसमोरच असेल तरीही पाठव, कारण चांगल्या कामाचीही फिकट खूण राहते आणि रात्री समोरून दिवे आले की ती चमकते. आरशाजवळ कॅमेरा असलेल्या नव्या गाड्यांत कॅमेऱ्यापुढची जागा तुझी नव्हे. अमेरिकेतलं दुरुस्तीचं मानक गोल टवका १ इंचापर्यंत आणि स्टार ३ इंचांपर्यंत भरायला मान्य करतं. तू सध्या त्याच्या निम्म्यावर थांब.

मागं माझ्याकडे उचगावचा एक पोरगा जुन्या काचा न्यायला यायचा, डिप्लोमाला होता. एका ट्रॅव्हल्सवाल्यानं त्याला गाडी दाखवली, काच भरून मिळाली तर बरं म्हणून. पोरानं आरसा लावून बघितलं आणि म्हणाला, "मालक, ही भरून उपयोग न्हाई, तडा रबराखाली गेलाय. बदलूनच घ्या." मालक वैतागला, माझ्याकडं आला, काच बदलून गेला. रबर काढल्यावर तडा त्यालाही दिसला. पुढं त्याच्या कुठल्याही गाडीला खडा लागला की ड्रायव्हर आधी त्या पोराला फोटो पाठवायचा. मीही मग फोनवर कुणी टवक्याचं विचारलं की त्याचंच नाव सांगायला लागलो. काचवाल्याला लहान टवक्यात वेळ घालवायचा नसतो, आणि तू परत पाठवलेली प्रत्येक काच कुणातरी काचवाल्याचं काम असते. या देवाणघेवाणीवर एका काचवाल्याशी सलोखा कर. शिकायलाही तिथंच मिळेल.

सुटी गिऱ्हाइकं शोधत फिरू नकोस. ज्यांच्याकडे एकाहून जास्त गाड्या आहेत ते धर: ट्रॅव्हल्स, मोटार ट्रेनिंग स्कूल, शाळेच्या व्हॅनवाले, शिरोली आणि गोकुळ शिरगाव एमआयडीसीत कामगारांच्या गाड्या लावणारे ठेकेदार. त्यांच्या गाड्या रोज हायवेवर असतात. रस्त्याच्या कामाची खडी सांडलेली असते, पुढं डंपर असतो, त्यामुळे काचेवर खडा बसणं त्यांना नवं नाही. सगळ्यात चांगली जागा मात्र वॉशिंग सेंटर. गाडी धुताना टवका मालकाच्या आधी धुणाऱ्याला दिसतो. त्याला कामामागं थोडं कमिशन दे आणि सांग, टवका दिसला तर प्रेशरचं पाणी त्यावर मारू नको. बिंदू चौकाच्या पार्किंगला अंबाबाईला आलेल्या बाहेरगावच्या गाड्या खूप असतात, पण तिकडे जाऊ नकोस असं माझं मत. त्या माणसाला घाई असते, तो परत येणार नसतो, आणि काही बिनसलं तर रस्त्यात तमाशा. जुन्या गाड्या विकणारे डीलरही बोलावतील. काम घे, पण 'खूण दिसणार नाही असं कर' म्हणाले तर तसं होत नाही हे आधीच सांग.

लोकांशी बोलताना विम्याचं गणित माहीत असू दे. बरेच जण म्हणतात, विमा आहे की, काचच बदलतो. विम्यात काचेवर घसारा धरत नाहीत हे खरं, पण १५०० सीसीपर्यंतच्या कारला पहिले १,००० रुपये आणि त्याहून मोठ्या कारला पहिले २,००० मालकाच्याच खिशातून जातात. वर क्लेम केला की वेगळं कव्हर घेतलेलं नसेल तर पुढच्या वर्षीचा नो क्लेम बोनस, म्हणजे हप्त्यातली सूट, जातो. तो पहिल्या वर्षाला २० टक्के असतो आणि पाच वर्षं क्लेम नसला की ५० टक्क्यांपर्यंत चढतो. पन्नास टक्क्यांवर बसलेल्या माणसाला हे शांतपणे सांगितलंस तर तो स्वतःच गाडी सावलीत लावेल.

पैसे घेच. नातेवाईक 'आपलाच पोरगा' म्हणून चहावर भागवतील, त्यांच्याकडून निदान रेझिनचे तरी घे. बाकीच्यांना एका टवक्याचे ५०० सांगायला हरकत नाही, त्याच गाडीवर दुसरा असेल तर कमी कर. भरलेला टवका पुढं पळाला तर मजुरी परत, हे मात्र स्वतःहून सांग आणि पाळ. आणि बारावीला गेलास की परीक्षा फेब्रुवारीत येईल, म्हणून त्या वर्षी दिवाळीनंतर काम रविवारपुरतंच ठेव. उसाचा हंगाम तेव्हा जोरात असतो, ट्रॉल्यांमागून येणाऱ्या गाड्यांचे फोन वाढतील, तरीही.

कार्ड छापू नकोस, गाडीच्या डॅशबोर्डवर पडून ते उन्हानं पिवळं होतं. त्याऐवजी रुपयाच्या नाण्यापेक्षा जरा मोठे गोल पारदर्शक स्टिकर छापून घे आणि वॉशिंग सेंटर, पंक्चरवाले, ट्रॅव्हल्सचे ड्रायव्हर यांच्याकडे दहा-दहा ठेव. खडा लागला की लगेच टवक्यावर चिकटवायचा, म्हणजे धूळ-पाणी आत जात नाही आणि तुझ्याकडे येईपर्यंत टवका भरण्याजोगा राहतो. कडेला नंबर छाप, पण वडिलांचा. तू वर्गात असताना फोन कोण उचलणार?