फायबर जोडणीच्या कामात डोळ्यांना धोका आणि विजेची भीती खरंच असते का?

तुमचा धाकटा भाऊ कराडला फायबर (इंटरनेट, केबल टीव्हीचा सिग्नल प्रकाशाच्या रूपात नेणारी काचेची बारीक तार) जोडणीच्या कामाला लागलाय. घरचे म्हणतात लेझरनं डोळे जातील, तो म्हणतो काचेत करंटच नसतो, मग भीती कसली? सांगली-मिरज भागात मी बरीच वर्षं हेच काम करतोय. दोघांचंही निम्मं खरं आहे.

फायबरमधला उजेड दिसत नाही, हीच त्यातली सगळ्यात वाईट गोष्ट. माणसाला साधारण 400 ते 700 नॅनोमीटरचा प्रकाश दिसतो. आपल्या लाईनीत चालतो 1310, 1490, 1550चा. नवीन पोरगं पॅच कॉर्ड (दोन्ही टोकांना कनेक्टर असलेली छोटी फायबर केबल) काढतं, टोक डोळ्यासमोर धरतं आणि म्हणतं, ‘लाईट नाही.’ लाईट चालूच असते. सूर्याकडे बघितलं तर पापणी आपोआप मिटते. इथं पापणीला काही कळतच नाही. 1310चा काही भाग आतल्या पडद्यापर्यंत पोचतो. 1550चा पुढच्या पारदर्शक भागातच जिरतो, पण ताकद जास्त असली तर तो भाग भाजू शकतो.

ताकद किती, ते तो कुठं काम करतोय त्यावर. ग्राहकाच्या घरी येणारा प्रकाश उणे 20 डीबीएमच्या (प्रकाशाची ताकद मोजायचं एकक) आसपास असतो, म्हणजे मिलिवॅटचा शंभरावा भाग. त्यानं डोळे जात नाहीत, हे आईवडिलांना नक्की सांगा. ओएलटीच्या, म्हणजे एक्स्चेंजमधल्या ज्या यंत्रातून ग्राहकांच्या लाईनी निघतात त्याच्या, पोर्टाला तो काही मिलिवॅट असतो. पण केबल टीव्हीच्या प्रकाशाची ताकद वाढवणारा 1550चा अ‍ॅम्प्लिफायर जिथं बसवलाय, तिथं एकेका पोर्टातून 20 डीबीएम, म्हणजे 100 मिलिवॅटसुद्धा निघतात. तिथं उघडं टोक कुणाच्याही तोंडाकडे धरायचं नाही. आणि हातातल्या मायक्रोस्कोपनं कनेक्टर बघायच्या आधी पॉवर मीटर लावून प्रकाश बंद आहे ना ते बघायचंच, कारण भिंग तोच प्रकाश गोळा करून डोळ्यात सोडतं. स्क्रीनवर चित्र दाखवणारा मिळत असेल तर तोच घ्यावा.

तरी रोजच्या कामात मला लेझरपेक्षा तुकड्यांची धास्ती जास्त वाटते. काच 125 मायक्रॉनची, केसाएवढी. क्लीव्हरनं (फायबर कापायचं हत्यार) कापलेला तुकडा बोटात शिरला तर दिसत नाही, आणि त्याच बोटानं डोळा चोळला तर काय होईल? साधा पारदर्शक चष्मा, खाली काळं कापड, कामाच्या जागी जेवण नाही. एवढं पाळायलाच हवं.

आता करंट. काचेत नसतो, पण केबल ज्या खांबावर लटकते तिथं विजेच्या तारा असतात. आर्मर्ड केबलला लोखंडी कवच असतं. वळवाच्या पावसात वीज पडली की झटका त्यातून लांबवर जातो. गडगडायला लागलं की जॉइंट सोडून खाली यायचं, मालक कितीही फोन करू देत. फायबरची टोकं वितळवून जोडणाऱ्या स्प्लायसिंग मशीनच्या इलेक्ट्रोडमध्ये हजारो व्होल्टचा आर्क होतो, त्यामुळं पुसायच्या अल्कोहोलची उघडी बाटली शेजारी नको. एक्स्चेंजमधल्या 48 व्होल्टला लोक घाबरत नाहीत, कारण कोरड्या हाताला सहसा झटका बसत नाही. पण बॅटऱ्या शॉर्ट झाल्या तर पाना वितळतो. माझ्या एका सोबत्याची अंगठी पाना आणि बॅटरीच्या पट्टीच्या मधे आली; बोटाभोवतीचा भाजल्याचा वळ अजून आहे. अंगठी, कडं, चेन घरी ठेवूनच जायचं.

भाऊ सुट्टीला आला की त्याची बॅग बघा: चष्मा, पॉवर मीटर, तुकडे टाकायची डबी. डबी नसेल तर घट्ट झाकणाची औषधाची रिकामी बाटली द्या, मी सुरुवातीला तीच वापरायचो.